खंडेनवमीला विसावलेला सर्व्हर

"बंद पडलं तर कोणाला धरायचं?"

नोकरीत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा. विचारणारे आमच्या वाचनालयाचे कार्यवाह, नाना. पेशाने वकील. कोणतीही वस्तू दारात आली की ती काय काम करते यापेक्षा ती बिघडली तर नोटीस कोणाच्या नावे काढायची, हे त्यांना आधी लागायचं. पंखा असो, कपाट असो, नाही तर नवा माळी असो.

मी रत्नागिरीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात सहायक ग्रंथपाल होते. या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून पुस्तकांच्या आणि वाचकांच्या आठवणी हव्या होत्या. त्या लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आठवतो तो जिन्याखालच्या खोलीतला एक संगणक. त्याला आम्ही सर्व्हर म्हणायचो, आणि काही वर्षं पुस्तकांपेक्षा त्याचीच उस्तवारी मी जास्त केली.

अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवचा सुमार असेल. गावातल्या एका बँकेने आपले संगणक बदलले आणि काढून टाकलेले आम्हाला देणगी दिले. ते आले, हार घातले गेले, फोटो निघाला, आणि सगळे जिन्याखाली जाऊन बसले. त्या काळी गावात ज्याच्या त्याच्या संगणकात चोरीचं सॉफ्टवेअर असायचं आणि त्याला कोणी चोरी म्हणतही नसे. एक दुकानदार अर्ध्या तासात सगळं भरून द्यायला तयार होता. पण नाना आडवे आले. "वाचनालयात चोरीचा माल चालायचा नाही," ते म्हणाले, आणि विषय तिथेच थांबला.

त्याच सुमाराला वाचनालयात येणाऱ्या एका इंग्रजी मासिकासोबत सीडी आली. अंकासोबत आलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय कपाटात टाकायची नाही, ही माझी जुनी खोड. सीडीत लिनक्स होतं. कोणीही घ्यावं, वापरावं, वाटावं, आतली रचनासुद्धा उघडून पाहावी, असं त्याचं म्हणणं. मी ते नानांना सांगितलं. त्यांनी त्याचा परवाना छापून मागवला आणि खुर्चीत बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. फुकटच्या वस्तूत कुठे तरी मेख असणारच, अशी त्यांची खात्री होती. ती त्यांना सापडली.

"अहो, हे स्वतःच लिहितायत की कसलीही हमी नाही! मग बंद पडलं तर कोणाला धरायचं?"

"मला धरा," मी म्हणाले. बोलायच्या ओघात बोलून गेले. नानांनी मात्र ते दफ्तरी दाखल करून घेतल्यासारखी मान हलवली.

माझा संगणकाशी संबंध तोवर एका सुट्टीतल्या कोर्सपुरताच होता. पहिल्यांदा लिनक्स बसलं तेव्हा पडद्यावर चित्र नाही, बटण नाही, काळ्या पाटीवर नाव विचारणारा एक शब्द फक्त. नाव दिलं, मग परवलीचा शब्द विचारला. मी टाइप करते आहे आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडला म्हणून मी दुसरा लावला, मग तिसरा. परवलीचा शब्द मुद्दामच दाखवत नाहीत, हे कळायला मला बँकेचे सगळे कीबोर्ड संपवावे लागले. मग मोडेम. फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारी ही पेटी. आमच्या संगणकाच्या पोटातलं मोडेम लिनक्सला ओळखूच येईना. शेवटी बाहेरून लावायचं एक जुनं मिळालं, ते बिचारं निमूट चाललं.

एक गोष्ट मात्र मला चटकन कळली. सर्व्हर म्हणजे काय, हे कॉलेजातल्या मुलांना समजावताना मास्तर घामाघूम व्हायचे. मी ग्रंथपाल. वाचक खिडकीशी चिठ्ठी देतो, आपण आत जाऊन पुस्तक काढून आणतो, वाचकाला कपाटं दिसतही नाहीत. सर्व्हर म्हणजे हेच. कोणाला पुस्तक नुसतं पाहू द्यायचं, कोणाला घरी न्यायची मुभा आणि कोणाला त्यात लिहायचा अधिकार, हे आम्ही रोज ठरवतो. लिनक्सच्या प्रत्येक फाइलवर तेच ठरवलेलं असतं. आणि सगळ्या कपाटांच्या किल्ल्या ज्याच्याकडे, त्याला तिथे रूट म्हणतात. रूटला सगळं उघडता येतं, सगळ्यांचं सगळं वाचता येतं. वाचू नये, असं मात्र त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. ते ज्याचं त्याने ठरवायचं. कोण वाचक कोणतं पुस्तक नेतो याची वाच्यता करायची नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळत आले होते. तोच मी इथे लावला. सभासदांची पत्रं वाचायची नाहीत.

पत्रं, कारण सर्व्हरचं मुख्य काम तेच झालं. वाचनालयाचं इंटरनेट खातं एकच. सर्व्हर पहाटे आणि संध्याकाळी आपणहून फोन लावायचा, सगळ्यांची आलेली ई-मेल घेऊन ज्याच्या त्याच्या पेटीत टाकायचा आणि इथून जाणारी पाठवून फोन ठेवायचा. मधल्या वेळात लिहिलेली पत्रं रांगेत थांबायची. सभासद येऊन बाकीच्या जुन्या संगणकांवर आपापली पेटी उघडून वाचायचे. मराठी अक्षरांची सोय नव्हती, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका आंबा-बागायतदारांना ई-मेल पोचपावतीसह हवी होती, आणि पावतीवर शिक्का नाही म्हणून ते नाराज झाले. एक निवृत्त हेडमास्तर अमेरिकेतल्या मुलाला लिहिताना वर 'श्री', उजव्या कोपऱ्यात मुक्काम रत्नागिरी आणि तिथी, खाली 'अनेक उत्तम आशीर्वाद' असं सगळं यथासांग टाइप करायचे. तेवढ्यात अर्धा तास जायचा आणि मजकुराला वेळ उरायचा नाही. एक गृहस्थ पत्र रागाच्या भरात पाठवून दुसऱ्या दिवशी ते परत घ्यायला आले. "अजून हातखंब्याच्या नाक्यापर्यंतच गेलं असेल, बघा ना," म्हणाले.

यंत्राचे शत्रूही इथलेच. खारा वारा स्क्रू खायचा. पावसाळ्यात कागद जसा मऊ पडतो तशी आतली सगळी जोडणी सर्दावायची. पाल वीजपुरवठ्याच्या डब्यात शिरून स्वतः मेली आणि डबाही घेऊन गेली. पावसाळ्याच्या शेवटी विजा चमकायला लागल्या की फोनच्या तारेतून त्या मोडेमपर्यंत पोचायच्या. एक मोडेम तसंच जळलं. तेव्हापासून आमचे शिपाई दत्ताराम यांना मी शिकवून ठेवलं होतं: गडगडायला लागलं की फोनची तार काढायची. दत्ताराम वाचनालयाच्या मागच्याच खोलीत राहायचे, माझ्यापेक्षा वयाने मोठे. एकदा सांगितलेलं ते कधी विसरायचे नाहीत. त्यांच्या या गुणाचं मला फार कौतुक होतं.

सर्व्हर मात्र कधी बंद करायचा नाही, हा माझा बाणा. दिवे गेले तर खाली बॅटरी होती. किती काळ न थांबता चाललोय हे लिनक्सला विचारलं की ते सांगतं. मी ते रोज सकाळी विचारायचे आणि उगाचच खूश व्हायचे.

आता जाधवबाई.

जाधवबाई हातखंब्याच्या अलीकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका. नवरा जहाजावर फिटर, म्हणजे इंजिनाच्या खोलीतलं दुरुस्तीचं काम. लग्न झाल्यापासून वर्षातले बरेचसे महिने तो समुद्रावर. शाळा सुटली की बाई एस. टी. ने यायच्या, पेटी उघडायच्या, नसेल पत्र तर तशाच परत जायच्या. फार बोलायच्या नाहीत. त्या वर्षी जाधवांचं जहाज परमुलखातल्या एका बंदरात अडकून पडलं. मालकाचं दिवाळं निघालं होतं. बंदरात खलाशांसाठी चालवलेली पाद्र्यांची एक जागा होती, तिथला संगणक हे लोक वापरायचे.

नवरात्रातल्या अष्टमीला जाधवबाई आल्या, पेटी उघडली, आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मग माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, एक विचारू? मी आज लिहिलं तर त्यांना परवा सकाळपर्यंत मिळेल ना?"

"मिळेल की. का?"

त्यांनी सांगितलं, ते असं. जहाज दुसऱ्या कंपनीने घेतलं होतं. ज्यांना राहायचं त्यांनी दसऱ्याच्या दिवशी नव्या करारावर सही करायची. सही केली की पुढची दोन वर्षं तरी सुटका नाही. नाही केली तर घरी पाठवणार, पण मग पुन्हा जहाज मिळेल न मिळेल. जाधवांनी बायकोला विचारलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, तुझं पत्र आलं नाही तर तुझी हरकत नाही असं समजेन आणि सही करेन.

"लेक आठ वर्षांची झाली," जाधवबाई म्हणाल्या. "तिने बापाला किती पाह्यलंय, ते बोटांवर मोजावं."

एवढं बोलून त्या गेल्या आणि कोपऱ्यातल्या संगणकावर लिहायला बसल्या. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लिहून झालं तेव्हा बाहेर आभाळ भरून आलं होतं. परतीचा पाऊस. दत्तारामांनी सांगून ठेवल्याप्रमाणे फोनची तार काढली होती, त्यामुळे संध्याकाळचा फोन लागला नव्हता.

"काळजी करू नका," मी म्हणाले. "पत्र रांगेत आहे. पाऊस थांबला की दत्ताराम तार लावतील. पहाटे आपोआप जाईल."

जाधवबाई मुलीला घेऊन तशाच संगमेश्वराकडे, डोंगरातल्या माहेरी जाणार होत्या. गाडी दिवसातून एकच. वाडीत फोन नाही. दसरा करून येणार होत्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. वाचनालय सकाळपुरतं उघडं असायचं. मी पोचले तर फाटकापासूनच झेंडूचा वास. दत्तारामांनी पहाटे उठून सगळी हत्यारं-यंत्रं धुऊन-पुसून ठेवली होती. बाइंडिंगचं दाबयंत्र, कागद कापायची सुरी, टंकयंत्र, त्यांची सायकल, मागच्या विहिरीवरचा पंप, सगळ्यांना हळद-कुंकू, फूल आणि आंब्याची डहाळी. मी कौतुक करत जिन्याखाली गेले. सर्व्हरवर धुतलेलं पांढरं उपरणं पांघरलेलं होतं. त्यावर झेंडूचा हार. खोलीत आवाज नव्हता.

तो आवाज इतके महिने चोवीस तास चालू होता की तो असतो हेच मी विसरले होते. नसल्यावर कळलं.

"दत्ताराम! हा कोणी बंद केला?"

"म्या केला," दत्ताराम शांतपणे म्हणाले. "पयला पिलग काढला, मगच फडकं मारलं. तुमीच सांगितलंव ना, पिलग काढल्याबिगर पान्याचा हात लावायचा न्हाई."

"अहो, पण बंद कशाला करायचा?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "बाई, आज खंडेनवमी. आज हत्याराला इसावा द्यायाचा. गेल्या खेपेला ह्यो नवीन व्हता, मी हात लावला न्हाई. औंदा म्हटलं, येवढा रातंदिस गरगरतोय, येक दिस तरी निजू दे बिचाऱ्याला. उद्या दसऱ्याला चालू करू."

त्यांच्यावर ओरडायचं तरी काय? माझ्या घरीसुद्धा त्या दिवशी शिलाईयंत्र चालवत नाहीत. मी उपरणं काढलं, हार बाजूला ठेवला आणि बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. पडद्यावर ओळ आली, डिस्क सापडत नाही. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा तीच ओळ.

डिस्क म्हणजे सर्व्हरची कपाटं. एका बंद डबीत गुळगुळीत चकती गरगर फिरत असते आणि तिच्यावर सगळं लिहिलेलं असतं. मी डबीला कान लावला. आत काहीच हलत नव्हतं. महिनोन्‌महिने तापून फिरत असलेली चकती पावसाळी गारव्यात थांबली आणि थांबली तिथेच धरली. पहाटेचा फोन लागण्याआधीच दत्तारामांनी प्लग काढला होता, म्हणजे पत्र आतच. दर शनिवारी मी सगळ्याची नक्कल दुसऱ्या संगणकावर ठेवत असे, पण शनिवारच्या नकलेत काल संध्याकाळचं पत्र कुठून असणार?

तेवढ्यात पूजेच्या प्रसादाला म्हणून नाना आले. मी जे झालं ते सांगितलं. नानांनी पेढा तोंडात टाकला. आता काय विचारणार ते मला ठाऊक होतं, पण त्यांनी विचारलं नाही. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

मग त्यांनी वकिली तोडगा काढला. "त्या जाधवांचा पत्ता आहे ना तुमच्याकडे?"

"शनिवारच्या नकलेत जुनी पत्रं आहेत. त्यावर पत्ता मिळेल."

"मग झालं तर. बाजारातल्या त्या सायबर कॅफेतून पाठवून द्या. लिहा, सही करू नका, घरी या. कुठलीही बायको तेच लिहिणार."

खरं सांगते, मीही मनात तेच म्हटलं होतं. आठ वर्षांची लेक, बोटांवर मोजण्याएवढा बाप. दुसरं काय लिहिलं असणार? पण लिहायला म्हणून हात उचलला आणि जाधवबाईंचा चेहरा आठवला. निर्णय झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. लिहायला त्यांना फार वेळ लागला होता. त्यांनी 'राहा' म्हटलं असेल तर? शाळेची नोकरी कायम नव्हती, सासू अंथरुणावर होती, पुन्हा जहाज मिळायची खात्री नव्हती. मी 'या' लिहायचं आणि त्या माणसाने बायकोचा शब्द म्हणून यायचं?

"नाही लिहिणार मी," मी म्हणाले.

"मग पत्र गेलं नाही तर तो सही करेल. तेही तुमच्यामुळेच," नाना म्हणाले. वकील बरोबर बोलत होता.

मी उठून मागच्या पडवीत गेले. काय करावं सुचत नव्हतं आणि दत्तारामांच्या समोर रडायचं नव्हतं. समोर विहिरीवरचा पंप, गळ्यात हार घालून बसलेला. आमच्याकडे चार महिने पावसात पंप लागत नाही. नवरात्राच्या आसपास माडांना शिपणं सुरू करायची वेळ येते तेव्हा तो गंजून जाम झालेला असतो. नुसतं बटण दाबलं तर तो गुरगुरतो आणि जळतो. म्हणून मागच्या पंख्याला हाताने एक झटका द्यायचा आणि मग बटण. हे माझ्या घरचा पंप चालू करताना मी दर वर्षी करते. कोकणात विहीर असलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही.

मी तशीच आत आले.

डबीला हात घालता येत नाही, ती उघडली तर सगळंच जातं. पण डबीच फिरवता येते. मी डिस्क सर्व्हरमधून सोडवली, तारा तशाच जोडलेल्या ठेवल्या आणि ती तळहातावर आडवी धरली. दत्ताराम दारात उभे होते, त्यांना बटणापाशी बसवलं. "मी म्हटलं की दाबा," मी त्यांना म्हणाले. त्यांनी बटण दाबलं त्याच क्षणी मी मनगटाला झटका दिला, जात्याचा खुंटा पहिल्यांदा ओढताना देतात तसा. काही नाही. नाना मागून म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" पुन्हा बटण, पुन्हा झटका, या खेपेला जरा रागाने. डबी हातात कुरकुरली, थरथरली आणि तिने तो सूर लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दत्तारामांनी पाहिलंच.

पण लिनक्स लगेच उघडेना. न सांगता प्लग काढला गेल्यावर ते आधी सगळी कपाटं तपासतं: प्रत्येक पुस्तक नोंदीप्रमाणे जागेवर आहे का, नसलेली कुठली, जागा न लागणारी कुठली. वाचनालयाची वार्षिक मोजणीच. मी डिस्क हातातच धरून बसले. खाली ठेवायची भीती वाटत होती. ओळी सरकत होत्या. मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक यंत्र मांडीवर घेऊन बसले आहे, हे पाहून दोन सभासद दारातूनच परत गेले.

तपासणी संपली. मी रांग पाहिली. एक पत्र थांबलेलं होतं.

फोन लावला तर लागेना. दत्ताराम पुढे आले आणि भिंतीपाशी लोंबणारी फोनची तार उचलून त्यांनी नीट खाचेत बसवली. रात्रभर पाऊस थांबला नव्हता, म्हणून त्यांनी ती लावलीच नव्हती. म्हणजे पहाटे यंत्र चालू असतं तरी पत्र गेलं नसतं. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

मोडेम किंचाळलं, शांत झालं. मी पुन्हा रांग पाहिली. रिकामी. पत्र वाचायचं मनात आलं नाही असं म्हणणार नाही. पण वाचलं नाही. त्याच बैठकीत डिस्कवरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि मगच तो हार पुन्हा घातला. नाना जाताना एवढंच म्हणाले, "बरं झालं, कोणाला धरावं लागलं नाही." त्यापुढे तो प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नाही.

दसऱ्यानंतर जाधवबाई आल्या तेव्हा मी सगळं सांगितलं. नानांनी सुचवलेलंही.

"मी आधी 'राहा' असंच लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळं पत्र तसंच लिहिलं. मग खोडलं." मग म्हणाल्या, "तुम्ही वाडीवर येऊन विचारलं असतंत ना बाई, तर मला पुन्हा सांगता आलं नसतं."

पुढे तुळशीच्या लग्नाच्या सुमारास त्या एका उंच, काळसर, अवघडून उभ्या राहणाऱ्या माणसाला घेऊन आल्या. बरोबर दोन वेण्यांची मुलगी, ती बापापासून हातभर अंतर ठेवून. जाधव म्हणाले, "सकाळी पाद्र्याकडे गेलो, काय नव्हतं. म्हटलं, झालं. सहीला नाव पुकारत होते. जेवणाच्या सुट्टीत परत एकदा गेलो. पाद्र्याचं टपालही दिवसातून एकदाच उतरायचं, ते नुकतंच आलं होतं. त्यात हिचं पत्र." त्यांनी यंत्र बघायला मागितलं. जिन्याखाली वाकून बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकला. फिटर माणूस. "बेअरिंग आवाज करतंय," म्हणाले. ते खरं होतं.

एक गोष्ट मी त्या खंडेनवमीपासून बदलली. न थांबणाऱ्या यंत्राचा मला जो अभिमान होता तो मोडीत काढला. कधीच बंद न केलेलं यंत्र पुन्हा चालू होईल की नाही हे कोणालाच माहीत नसतं. ते चालू आहे म्हणजे ठीक आहे, असं आपण समजत असतो. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत दर वर्षी आदल्या दिवशी सगळ्याची नक्कल, रांग रिकामी, आणि खंडेनवमीला मी स्वतः रीतसर आज्ञा देऊन सर्व्हर बंद करायचे. दत्ताराम कोरड्या फडक्याने पुसायचे, हळद-कुंकू लावायचे. दसऱ्याला आम्ही दोघं मिळून चालू करायचो. पुढे पुष्कळ मोठमोठ्या ठिकाणची मंडळी भेटली. वर्षातून एकदा मुद्दाम बंद करून पाहावं, असं तीही सांगायची, फक्त ती त्याला काही तरी लांबलचक नाव द्यायची.

जाधव त्या दिवशी निघताना दारात थांबले. "बाई, अजून एक होतं. माझ्याबरोबर मयेकर होता. खाडीपलीकडचा. दोघं एकाच खोलीत. तोही म्हणाला होता, घरनं पत्र आलं तर येतो. त्याची आई एकटी. तिला पत्र लिहायचंय हे कोणी सांगितलंच नाही. आणि सांगितलं असतं तरी लिहिणार कुठनं? त्याने सही केली."

मला पेट्यांचा फार अभिमान होता. पण पेटी सभासदाला, सभासदत्व वाचकाला, आणि वाचता न येणारी माणसं आमच्या फाटकाच्या आत कधी आलीच नव्हती. ती आली नाहीत हे मला इतक्या वर्षांत एकदाही खटकलं नव्हतं. ते आजही मला खुपतं.

जाधवच मयेकरांच्या आईला घेऊन आले. म्हातारी बाई, नऊवारी, हातात पिशवीत बांधलेला नारळ. सभासद कोण, वर्गणी कसली, हे नानांनी विचारलं नाही. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. मी रूट होऊन तिच्या नावाची पेटी उघडली. पत्र कुठे जाणार ते जाधवांनी तिला समजावलं: जहाज त्या बंदरात येऊन-जाऊन असतं, पाद्री पत्रं जपून ठेवतो.

दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, हा माझा नियम त्या दिवशी मोडला. मलाच ते लिहायचं होतं.

"सांगा आजी, काय लिहू?"

ती पडद्याकडे बघत राहिली. तिथे काहीच नव्हतं, नुसती काळी पाटी.

"लिव, सही करू नको म्हनावं."

जाधव खाली वाकून हळूच म्हणाले, "काकी, सही झाली त्याची."

"केलीन?"

"केलीन."

तिने नारळाची पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"मग लिव," ती मला म्हणाली, "फुडची करू नको."